उबुंटू अपग्रेडनंतर पोस्टग्रेसमध्ये पार्टी सापडत नाही आणि डबल होते: आधी एन्ट्री थांबवा, रिपेअर नंतर

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलेलं चित्र असं. वाशी मार्केटमधली मसाल्याची फर्म, गाळ्यातच एक सर्व्हर, त्यावर बिलिंगचं सॉफ्टवेअर, खाली पोस्टग्रेस १३ हा डेटाबेस. मागच्या आठवड्यात सर्व्हर उबुंटू १८.०४ वरून २०.०४ आणि तिथून २२.०४ वर नेला. पोस्टग्रेसचं व्हर्जन तेच ठेवलं, डेटाचं फोल्डर पण तेच. सगळं व्यवस्थित सुरू झालं, एकही एरर नाही. मग दोन दिवसांनी बिल बनवणारी मुलं सांगायला लागली की पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाईक व्यापाऱ्याचं, नाव टाकलं की "सापडत नाही" येतं, पण पूर्ण लिस्ट उघडली की तीच पार्टी तिथे दिसते. त्यांनी नवीन पार्टी ओपन केली, सॉफ्टवेअरने ती घेतली पण, खरं तर नाव युनिक, म्हणजे एकदाच येईल असं बांधलेलं असल्यामुळे घ्यायलाच नको होती. आणि आता रात्रीचा डंप, म्हणजे डेटाची बॅकअप फाइल, दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करताना युनिक इंडेक्स बनत नाही, "की डुप्लिकेट आहे" म्हणून थांबतो. सॉफ्टवेअरवाला म्हणतोय डेटाबेस करप्ट झालाय, पीजी_रिसेटवॉल चालवून रिपेअर करतो.

ते चालवू देऊ नका. हे सगळ्यात आधी सांगतो कारण बाकी सगळं नंतर सुधारता येतं, हे नाही. पीजी_रिसेटवॉल हे रिपेअरचं टूल नाहीच, सर्व्हर सुरूच होत नाही आणि बॅकअपही नाही अशा वेळी शेवटचा उपाय म्हणून ते आहे. ते ट्रान्झॅक्शन लॉग टाकून देतं आणि सर्व्हरला म्हणतं की जे काही डिस्कवर आहे ते बरोबर धर आणि चालू हो. त्यात अर्धवट लिहिलेली ट्रान्झॅक्शन्स तशीच राहू शकतात. तुमचा सर्व्हर चालू होतोय, टेबल वाचता येतायत, डंप पूर्ण निघतोय. म्हणजे तुमचा आजार वेगळा आहे आणि त्या औषधाने आज जो डेटा चांगला आहे तो खराब व्हायची शक्यता आहे. तसंच पीजी_वॉल फोल्डरमधल्या, म्हणजे याच ट्रान्झॅक्शन लॉगच्या, फाइल्स "जागा खातायत" म्हणून कोणी उडवणार असेल तर त्यालाही थांबवा.

दुसरं, एन्ट्री आत्ताच थांबवा. मला माहितीये सीझनमध्ये मसाला मार्केटात बिलिंग थांबवणं म्हणजे काय, गाडी उभी असते आणि हमाल थांबलेले असतात. तरी एक दिवस बिलं हातानं फाडा. कारण प्रत्येक तासाला नवीन डुप्लिकेट पार्टी बनतेय, तिच्यावर बिल चढतंय, पावती चढतेय, आणि हा गुंता नंतर सोडवणारा माणूस कॉम्प्युटरवाला नसून तुमचे मेहताजी आहेत. आज चाळीस पार्ट्या डबल असतील तर दोन दिवसांनी दीडशे होतील.

आता झालंय काय. माझा ९५ टक्के अंदाज असा की तुमची डिस्क चांगली आहे, पोस्टग्रेस चांगला आहे, टेबलमधला डेटाही पूर्ण आहे. बदललाय तो ग्लिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी. पोस्टग्रेस शब्दांची क्रमवारी स्वतः ठरवत नाही, बाय डिफॉल्ट तो ऑपरेटिंग सिस्टमला विचारतो की या दोन नावांत आधी कोण. आणि ग्लिबसीच्या २.२८ व्हर्जनमध्ये, जे ऑगस्ट २०१८ मध्ये आलं, क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. उबुंटू १८.०४ मध्ये ग्लिबसी २.२७ आहे, २०.०४ मध्ये २.३१, २२.०४ मध्ये २.३५. म्हणजे तुम्ही नेमकी ती रेघ ओलांडलीत. डेबियन ९ वरून १० वर जाणारे, रेड हॅट ७ वरून ८ वर जाणारे, सगळे याच रेघेवरून जातात आणि बऱ्याच जणांना कळतच नाही.

इंडेक्स म्हणजे क्रमाने लावून ठेवलेल्या नोंदी. कल्पना करा की जुन्या मेहताजींनी खातेवह्यांचं कपाट त्यांच्या क्रमाने लावलंय, आणि नवीन आलेला माणूस वेगळ्या क्रमाने शोधतो, तो बरोबर कप्प्यासमोर जाऊन उभाच राहत नाही, त्याला वही मिळत नाही, तो म्हणतो अशी पार्टीच नाही, आणि नवीन वही उघडून त्याच्या क्रमाप्रमाणे भलत्याच कप्प्यात ठेवतो. वह्या सगळ्या शाबूत आहेत. तुमच्या सर्व्हरमध्ये अक्षरशः हेच चाललंय. पार्टीचं नाव टाकून शोधलं की पोस्टग्रेस इंडेक्समधून जातो, इंडेक्स झाडासारखा फांद्या फुटत गेलेला असतो, त्याच्या वरच्या पानावर तुलना करतो, नवीन नियमाने डावीकडे जायच्या ऐवजी उजवीकडे जातो, तिथे नाव नाही, उत्तर शून्य. युनिकची तपासणी पण याच इंडेक्समधून होते त्यामुळे तीही फसते. पूर्ण लिस्ट उघडली की तो टेबल सरळ वरपासून खालपर्यंत वाचतो, म्हणून तिथे पार्टी दिसते. नावाच्या मधला तुकडा टाकून शोधलं तरी सापडते, त्याचंही कारण तेच, तिथे साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही म्हणून पूर्ण टेबल वाचलं जातं.

आणि हे सगळ्या पार्ट्यांना का होत नाही, हा तुमचा प्रश्न होता. जुन्या नियमात डॅश, स्लॅश, टिंब, कंस असली चिन्हं पहिल्या फेरीत जवळजवळ दुर्लक्षित व्हायची, नव्यात ती मोजली जातात. त्यामुळे ज्या नावांत किंवा कोडमध्ये अशी चिन्हं आहेत ती जास्त अडकतात. आपल्याकडे तर गाळा नंबरच डॅशवाले असतात, टीटीसी औद्योगिक पट्ट्यातले प्लॉट नंबर डॅशवाले, बिल नंबरमध्ये स्लॅश, पार्टीच्या नावापुढे एम स्लॅश एस, नावाच्या शेवटी कंसात गावाचं नाव. साधं एका शब्दाचं नाव असलेली पार्टी बरोबर सापडत राहते, आणि म्हणूनच दोन दिवस कोणाला कळलं नाही.

खात्री करायला एक छोटी टेस्ट आहे, अर्ध्या मिनिटाची. एका टेक्स्ट फाइलमध्ये दोन ओळी लिहा, एकीत १-१ आणि दुसरीत ११, आकडे इंग्रजी कीबोर्डचेच टाका, मग टर्मिनलमध्ये ती फाइल सॉर्ट कमांडला द्या. जुन्या ग्लिबसीवर ११ आधी येतो आणि १-१ नंतर. नव्यावर उलटं. जुनं मशीन किंवा त्याची इमेज शिल्लक असेल तर दोन्हीकडे करून बघा. फक्त टर्मिनलचं लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग) आणि डेटाबेसचं लोकेल एकच आहे ना ते बघा, पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या कमांड खिडकीत, बॅकस्लॅश एल दिलं की प्रत्येक डेटाबेससमोर कोलेट, म्हणजे क्रमवारीच्या नियमाचा, कॉलम दिसतो. तिथे ईएन_आयएन किंवा ईएन_यूएस असेल तर माझा अंदाज पक्का. तिथे नुसता सी असेल तर मात्र हे कारण नाही, कारण सी मध्ये बाइट बाय बाइट तुलना होते आणि ती कधी बदलत नाही. मग खाली जे खऱ्या करप्शनबद्दल लिहिलंय तिकडे जा.

पोस्टग्रेसने वॉर्निंग का दिली नाही असंही तुम्ही विचारलंय. पूर्ण डेटाबेसच्या पातळीवर कोलेशन, म्हणजे क्रमवारीच्या नियमांचं, व्हर्जन लिहून ठेवणं आणि ते जुळलं नाही तर ओरडणं हे व्हर्जन १५ पासून आलं. तुमचा १३ आहे, तो गप्प बसला. आणि ज्यांच्याकडे १५ च्या पुढचं व्हर्जन आहे त्यांनीही वॉर्निंग आली नाही म्हणजे सगळं ठीक असं धरू नका, जुन्या व्हर्जनवरून आणलेल्या डेटाबेसला मागचा इतिहास माहीत असतोच असं नाही. पानांचे चेकसम (पडताळणीचे आकडे) ऑन असले तरी हे पकडलं जात नाही, कारण चेकसम फक्त पान डिस्कवर जसं लिहिलं तसंच आहे का एवढं बघतो, आणि तुमची पानं अगदी जशीच्या तशी आहेत.

आता कामाला लागू. सॉफ्टवेअर बंद, मग पोस्टग्रेस नीट बंद करा, आणि पूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, पीजी_वॉलसकट, आणि वेगळे टेबलस्पेस, म्हणजे डेटा ठेवलेली दुसरी फोल्डर्स, असतील तर तेही. चालू सर्व्हरची साधी कॉपी घेऊ नका, ती कॉपी धड उघडेलच याचा भरवसा नाही. ही कॉपी म्हणजे तुमचा परतीचा रस्ता. आणि बॅकअपची जी स्क्रिप्ट सात दिवसांपूर्वीचे डंप आपोआप उडवते ती आजच बंद करा. अपग्रेडच्या आदल्या रात्रीचा डंप सोन्यासारखा आहे, कोणती पार्टी आधीपासून होती आणि कोणती नंतर आली याचा तो पुरावा, आणि ही स्क्रिप्ट तो एक दोन दिवसांत खाऊन टाकेल.

कॉपी झाल्यावर सर्व्हर सुरू करा पण सॉफ्टवेअर बंदच, आणि पीजी_एचबीए या सेटिंगच्या फाइलमध्ये बाहेरची कनेक्शन्स अडवून ठेवा, कोणीतरी घरून लॉगिन करतंच.

मग तपासणी. पोस्टग्रेसबरोबर ॲमचेक नावाचं एक्स्टेन्शन येतं, क्रिएट एक्स्टेन्शन केलं की झालं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. त्यातलं बीटी_इंडेक्स_चेक हे फंक्शन एकेका बी-ट्री इंडेक्सवर चालवायचं. ते फक्त वाचतं, काही बदलत नाही. दुसरा पॅरामीटर ट्रू दिला की टेबलमधली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का तेही बघतं, वेळ जास्त लागतो पण तुम्ही द्याच. खराब इंडेक्सवर "आयटम ऑर्डर इन्व्हेरियंट व्हायोलेटेड" असा एरर येईल, म्हणजे क्रम बिघडलाय, म्हणजे आपलं निदान बरोबर. एक लक्षात ठेवा, सगळ्या इंडेक्ससाठी एकच मोठी क्वेरी लिहिली तर पहिल्या खराब इंडेक्सवर एरर येऊन सगळं थांबतं आणि लोकांना वाटतं एकच खराब आहे. त्यामुळे पीजी_इंडेक्समधून यादी काढून प्रत्येकासाठी वेगळी ओळ बनवा, पीएसक्यूएलमधली जीएक्झेक ही कमांड, जी बनवलेल्या ओळी एकेक करून चालवते, यासाठी मस्त आहे, आणि सगळं आउटपुट फाइलमध्ये घ्या. पीजी_ॲमचेक नावाचं तयार टूल पण आहे पण ते व्हर्जन १४ पासूनच्या सर्व्हरसाठी, तुम्हाला फंक्शनच वापरावं लागेल.

नंबर, तारीख, यूयूआयडी यांवरचे इंडेक्स चांगले निघतील, त्यांची क्रमवारी ग्लिबसीवर अवलंबून नाही. टेक्स्ट, व्हारकॅर, सिटेक्स्ट, आणि लोअर करून बनवलेले एक्स्प्रेशन इंडेक्स, हे बघायचे. पॅटर्न ऑप्स लावून बनवलेले इंडेक्स पण सुटतात कारण तेही बाइटने तुलना करतात. आणि नंबर किंवा तारखेवरचा इंडेक्स जर खराब निघाला तर तिथेच थांबा, कारण मग कोलेशनशिवाय अजून काहीतरी गडबड आहे.

यानंतर डुप्लिकेट शोधणं, आणि इथे बहुतेक जण घाई करतात. सरळ रीइंडेक्स चालवतात, युनिक इंडेक्सवर एरर येतो, मग वैतागून डुप्लिकेटमधली कुठलीतरी एक ओळ डिलीट करतात. असं करू नका. आधी त्या सेशनमध्ये एनेबल_इंडेक्सस्कॅन, एनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन आणि एनेबल_बिटमॅपस्कॅन तिन्ही ऑफ करा, म्हणजे पोस्टग्रेस खराब इंडेक्सला हात न लावता पूर्ण टेबल वाचेल. तिन्ही बंद केल्याशिवाय काढलेली डुप्लिकेटची यादी विश्वासाची नाही, ती यादीच खराब इंडेक्समधून आलेली असू शकते. मग नावावर ग्रुप बाय, काउंट एकपेक्षा जास्त. प्रत्येक जोडीचे आयडी, बनवल्याची तारीख, कोणी बनवली, त्या आयडीवर किती बिलं, किती पावत्या, ओपनिंग बॅलन्स किती, असं सगळं एका शीटमध्ये काढा. जोडीतली एक ओळ अपग्रेडच्या आधीची आणि दुसरी नंतरची असणार. दोन्ही आधीच्या असतील तर ती वेगळी केस, तिला वेगळी बाजूला काढा.

मराठी नावांत अजून एक गोष्ट बघा. काही जोड्या अशा सापडतील की स्क्रीनवर हुबेहूब सारख्या, मेहताजी म्हणतील ही पार्टी डबल आहे, पण ग्रुप बायमध्ये त्या वेगळ्या येतात. ॲपेक्स, ॲग्रो अशा नावांतला ॲ काही कीबोर्डवर एकच अक्षर म्हणून येतो आणि काहींवर अ आणि वरचा चंद्र अशी दोन अक्षरं. दिसायला एक, आत बाइट वेगळे. कुठे नावाच्या शेवटी स्पेस राहिलेली असते, कुठे जोडाक्षरात न दिसणारं जॉइनर घुसलेलं असतं. या जोड्या अपग्रेडमुळे झालेल्या नाहीत, आधीपासून होत्या, आता कपाट उघडल्यामुळे दिसल्या. त्यांना या कामात मिसळू नका, नाहीतर कुठली दुरुस्ती कशासाठी केली हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

आता ती शीट मेहताजींच्या पुढे ठेवा. कुठली पार्टी ठेवायची, दोन्हीकडे पत्ता वेगळा असेल तर कुठला खरा, जीएसटी नंबर कुठला, क्रेडिट लिमिट कुठलं, हे निर्णय त्यांचे. आपण डेटाबेसवाल्यांनी "जुना आयडी ठेवू, नवा उडवू" असा एकच नियम सगळ्यांना लावला तर शंभरातल्या नव्वद ठिकाणी तो बरोबर असेल आणि उरलेल्या दहा ठिकाणी उधारी चुकीच्या माणसाच्या नावावर जाईल. मार्केटात सगळा व्यवहार शब्दावर आणि खात्यावर चालतो, पार्टीला चुकीची बाकी सांगितली की तो राग महिनाभर जात नाही. दोघांनी एकत्र बसून प्रत्येक जोडीपुढे ठेवायचा आयडी लिहा, खाली त्यांची सही घ्या.

मग एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये: बिलं, पावत्या, स्टॉक, जिथे जिथे नवा आयडी वापरलाय तिथे ठेवायचा आयडी टाका, मग रिकामी झालेली पार्टी डिलीट करा. डिलीट करण्याआधी तिची ओळ एका वेगळ्या टेबलमध्ये कॉपी करून ठेवा. आयडी नंबरचा असल्याने त्याचा इंडेक्स चांगला आहे, ते काम सरळ होईल. पण जिथे गाळा नंबर किंवा आयटम कोडच प्रायमरी की आहे, म्हणजे टेक्स्टच की आहे, तिथे दोन्ही ओळींची की एकच असते, मग ओळ ओळखायला सीटीआयडी, म्हणजे ओळीचा टेबलमधला जागेचा पत्ता, वापरावा लागतो, आणि इंडेक्स स्कॅन ऑफ ठेवूनच डिलीट करायचं. कमिट करण्याआधी एकूण बिलांची संख्या आणि एकूण रक्कम आधीच्याशी ताडून बघा. एक रुपयाचा फरक आला तरी रोलबॅक.

आता रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बनवणं. सॉफ्टवेअर बंदच आहे त्यामुळे कंकरंटलीच्या (काम चालू ठेवून बनवण्याच्या) भानगडीत पडू नका, साधं रीइंडेक्स डेटाबेस चालवा, किंवा रीइंडेक्सडीबी टूलला एकाच वेळी तीन चार जॉब द्या, ती सोय १३ मध्ये आहे. मेंटेनन्स_वर्क_मेम त्या वेळेपुरतं एक जीबीपर्यंत वाढवा, रॅम असेल तर. डिस्कवर जागा किती आहे बघा, नवा इंडेक्स पूर्ण बनेपर्यंत जुना तिथेच असतो. फक्त खराब निघालेलेच करू का, असं विचाराल, तर माझं मत टेक्स्टवरचे सगळेच करा, आज चांगला दिसणारा इंडेक्ससुद्धा नशिबाने चांगला आहे. युनिक इंडेक्सवर परत डुप्लिकेटचा एरर आला तर घाबरू नका, एखादी जोडी राहिलीये, तीच पायरी परत. आणि कोणी आधीच कंकरंटली चालवून फसलं असेल तर नावाच्या शेवटी सीसीन्यू लागलेले अर्धवट, इनव्हॅलिड इंडेक्स उरलेले असतील, ते ड्रॉप करा.

रीइंडेक्स झाल्यावर ॲमचेक परत, सगळ्यांवर. मग फॉरेन की, म्हणजे एका टेबलची ओळ दुसऱ्या टेबलमधल्या ओळीशी बांधणारी की. खराब इंडेक्स असताना फॉरेन कीची तपासणी पण त्याच इंडेक्समधून होत होती, त्यामुळे टेक्स्ट की असलेल्या टेबलांत आई नसलेली मुलं, म्हणजे ज्यांची मूळ ओळच नाही अशा ओळी, राहिलेली असू शकतात, लेफ्ट जॉइन करून शोधा. टेक्स्टवर रेंज पार्टिशन केलं असेल तर ओळी चुकीच्या पार्टिशनमध्ये बसल्यात का तेही बघा. शेवटी ताजा डंप घ्या आणि दुसऱ्या मशीनवर पूर्ण रिस्टोअर करा, एकही एरर न येता. तो रिस्टोअर झाला की मगच बिलिंग सुरू करा.

जुन्या उबुंटूवर परत नेलं तर आपोआप ठीक होईल का? अपग्रेडनंतर एकही एन्ट्री झाली नसती तर हो. पण आता इंडेक्समध्ये अर्ध्या नोंदी जुन्या क्रमाने आणि काही नव्या क्रमाने घुसल्यात, तो कुठल्याच ग्लिबसीसाठी बरोबर नाही. जुन्या मशीनवर नेलात तर आज सापडणाऱ्या काही पार्ट्या तिथे सापडणार नाहीत. त्यामुळे पुढेच जा.

हाच प्रकार महापेतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी बघितलाय, तिथे अपग्रेड असं काही केलंच नव्हतं. नवीन मशीन नवीन ओएससह घेतलं, त्यावर स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने स्टँडबाय, म्हणजे सतत अपडेट होणारी राखीव प्रत, बनवला, आणि एका रात्री त्याला प्रायमरी, म्हणजे मुख्य सर्व्हर, केला. स्ट्रीमिंग रेप्लिकेशन पानं जशीच्या तशी नेतं, म्हणजे जुन्या ग्लिबसीवर लावलेला इंडेक्स नव्या ग्लिबसीवर. गाड्यांचे नंबर डॅश टाकून लिहिलेले, दुसऱ्या दिवशी निम्म्या गाड्यांची लॉरी रिसीट निघेना. प्रायमरी आणि स्टँडबाय यांची ओएस वेगळी असेल तर स्टँडबायवर रिपोर्ट काढणारे सुद्धा चुकीचे आकडे बघत असतात आणि कोणालाच एरर दिसत नाही. डॉकरवाल्यांनी पण हे लक्षात घ्या, डेबियनवरची इमेज काढून त्याच व्हॉल्यूमवर अल्पाइनची इमेज लावली की सी लायब्ररीच बदलते.

आता खरं करप्शन कसं ओळखायचं. लॉगमध्ये "इनव्हॅलिड पेज इन ब्लॉक", "कुड नॉट रीड ब्लॉक", "मिसिंग चंक नंबर फॉर टोस्ट व्हॅल्यू", "कुड नॉट ॲक्सेस स्टेटस ऑफ ट्रान्झॅक्शन" असं काही दिसलं तर ते टेबलचं पान किंवा ट्रान्झॅक्शनची माहितीच बिघडल्याचं लक्षण, रीइंडेक्सने सुटणार नाही. मग आधी डीमेसेज आणि स्मार्टसीटीएल बघा, डिस्क मरायला लागली असेल तर तिच्यावर काहीही दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. अपग्रेडशी जोडलेली दोन कारणं वारंवार दिसतात: चालू सर्व्हरचं फोल्डर आरसिंक या कॉपीच्या टूलने उचलून नेलेलं असतं, किंवा पीजी_अपग्रेड (पोस्टग्रेसचं व्हर्जन बदलणारं टूल) लिंक मोडमध्ये चालवून नवा क्लस्टर सुरू केला आणि नंतर कोणीतरी जुना क्लस्टरही सुरू केला. लिंक मोडमध्ये दोघांच्या फाइल्स एकच असतात, नवा एकदा सुरू झाला की जुन्याला हात लावायचा नाही. अशा केसमध्ये उपाय बॅकअप अधिक वॉल आर्काइव्ह, म्हणजे साठवून ठेवलेले ट्रान्झॅक्शन लॉग. झिरो_डॅमेज्ड_पेजेस हे सेटिंग खराब पान शून्य धरून पुढे जातं, म्हणजे त्या ८ केबीमधल्या ओळी कायमच्या गेल्या, ते फक्त कॉपीवर आणि उरलेला डेटा बाहेर काढण्यापुरतं.

पोस्टग्रेस नसेल तर थोडक्यात. एसक्यूएल सर्व्हरवर डीबीसीसी चेकडीबी, आणि ८२३, ८२४, ८२५ हे एरर दिसले की डिस्कचा रस्ता धरा, रिपेअर अलाउ डेटा लॉस हे नावातच सांगतं काय होणार ते. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी एकपासून हळूहळू चढवा, चार आणि पुढे गेलात की डेटा कायमचा खराब होऊ शकतो. आणि ८.० वरून ५.७ वर तीच फाइल घेऊन परत जाता येत नाही, डंपच लागतो.

पुढच्या वेळेसाठी तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याकडून एक बदल करून घ्या. गाळा नंबर, बिल नंबर, आयटम कोड, जीएसटी नंबर या कॉलमना कोलेट सी लावा. त्यांना भाषेचा क्रम लागतच नाही, फक्त सारखेपणा लागतो, आणि सी कुठल्याही ओएसवर बदलत नाही. पार्टीची लिस्ट मराठी क्रमाने हवी असेल तर ते काम ऑर्डर बायमध्ये आयसीयू या वेगळ्या भाषा-लायब्ररीच्या मराठी कोलेशनवर सोडा, तिथे चुकलं तर जास्तीत जास्त यादीचा क्रम हलेल, पार्टी हरवणार नाही. व्हर्जन १७ पासून पोस्टग्रेसचा स्वतःचा बिल्टइन प्रोव्हायडर आलाय, त्यातला सी डॉट यूटीएफ-८ वापरला तर क्रमवारीसाठी ओएसवर अवलंबून राहावं लागत नाही. १३ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपलाय, त्यामुळे व्हर्जन तसंही बदलावंच लागणार, तेव्हा फोल्डर उचलून नेऊ नका, डंप आणि रिस्टोअर करा, त्यात सगळे इंडेक्स नव्याने बनतात. आणि १५ च्या पुढे गेल्यावर कोलेशन व्हर्जन जुळत नसल्याची वॉर्निंग आली तर आधी रीइंडेक्स आणि मगच रिफ्रेश कोलेशन व्हर्जन, कारण रिफ्रेश फक्त नोंदवलेला व्हर्जन नंबर बदलतो, इंडेक्सला हात लावत नाही, आणि एकदा ती वॉर्निंग बंद झाली की पुढच्या माणसाला काहीच दिसत नाही.

आज संध्याकाळपर्यंत कॉपी आणि ॲमचेक एवढं करा. ॲमचेकच्या आउटपुटची फाइल, बॅकस्लॅश एलचं आउटपुट आणि लॉगमधल्या अपग्रेडनंतरच्या एरर आणि पॅनिकच्या ओळी मला पाठवा, पार्टीची नावं आणि रकमा काढून टाकून. टेक्स्टशिवाय दुसरा कुठलाही इंडेक्स खराब दिसला तर रीइंडेक्सला हात न लावता आधी सांगा.